कुत्रं तोंड का घासतं? नंदुरबारच्या अंगणातून एक आढावा

कुत्र्याची जीभ नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि ओठांवर फिरते. पोट, पाय, शेपटीचं मूळ इथवर दात पोचतात आणि कानामागे मागच्या पायाने खाजवता येतं. उरतो तो डोळ्यांभोवतीचा भाग, नाकाचा दांडा, गाल आणि हनुवटी. तिथे खाज सुटो, दुखो, काही टोचो, की एखादा वास अंगाला लावून घ्यावासा वाटो, कुत्र्यापुढे वाटा दोनच असतात : पुढचा पंजा, नाहीतर समोरची वस्तू. त्यामुळे ओट्याच्या कडेला किंवा खाटेच्या पायाला तोंड घासणारं कुत्रं पाहून घरातल्या एकाला लूत लागल्यासारखं वाटतं, दुसऱ्याला ते लाडात आलंय असं वाटतं आणि तिसऱ्याला पिसाळण्याची धास्ती वाटते. तिघांच्याही म्हणण्याला शास्त्रात कुठे ना कुठे आधार आहे. प्रश्न आहे तो कोणता आधार केव्हा घ्यायचा याचा.

या विषयावरचं बहुतेक लिखाण युरोप-अमेरिकेतल्या शहरी दवाखान्यांमधून आलेलं आहे. तिथलं कुत्रं घरात राहतं, ठरलेलं खातं, त्याचा जन्म कधीचा हे मालकाला ठाऊक असतं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात चित्र निराळं आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कुत्रं शेळ्यांमागे डोंगर चढतं, रात्री अंगणात राखण करतं आणि चार घरचं खातं. ठेलारी धनगरांच्या कळपाबरोबर ते मुलूखभर हिंडतं. शहादा आणि नंदुरबार शहरांत आता लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डही दिसतात, आणि त्यांचे आजार पुण्या-मुंबईच्या कुत्र्यांसारखेच असतात. बाकी गावठी कुत्र्यांना पुस्तकातले निष्कर्ष कितपत लागू पडतात, हा या आढाव्याचा खरा मुद्दा आहे.

दोन वेगळ्या परंपरा

खाजेचा अभ्यास जुना आहे. १६६० मध्ये जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफर याने खाज म्हणजे खाजवण्याची इच्छा जागवणारी नकोशी संवेदना, अशी व्याख्या केली. ती अजून टिकून आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांवरच प्रयोग केले. मेंदूशी संबंध तुटल्यावरही कुत्र्याचा मागचा पाय खाजवण्याची हालचाल करतो, म्हणजे ती मज्जारज्जूतूनच चालते, हे त्याने दाखवलं. १९०६ च्या त्याच्या ग्रंथात या प्रतिक्षेपाचं सविस्तर वर्णन आहे. पुढे पशुवैद्यकातली त्वचारोगाची शाखा याच वाटेने गेली : खाज कुठून उठते, कोणत्या रसायनाने उठते, कशाने थांबते.

दुसरी परंपरा प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांची. त्यांना घासणाऱ्या लांडग्यात आजार दिसला नाही, वास दिसला. दोन्ही परंपरा एकाच हालचालीकडे पाहतात, पण एकमेकींचं फारसं वाचत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञाच्या प्रश्नावलीत 'कुत्रं कशावर घासतं' हा प्रश्न क्वचित असतो आणि वर्तनतज्ज्ञाच्या नोंदीत 'त्याच्या कानात माइट (सूक्ष्म किडे) आहेत का' हा.

वासाची बाजू

१९८६ मध्ये कॅनडात रायन, फेंट्रेस आणि सहकाऱ्यांनी बंदिस्त लांडग्यांसमोर निरनिराळे वास ठेवले. शाकाहारी प्राण्यांच्या किंवा गोड खाद्याच्या वासाकडे लांडग्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. इतर मांसभक्षकांचा वास आणि अत्तर, इंजिन ऑईल असले माणसाने बनवलेले वास यांवर मात्र त्यांनी तोंड, मान, खांदे घासले. शिकारी आपला वास लपवण्यासाठी भक्ष्याच्या विष्ठेत लोळतो, हे लोकप्रिय स्पष्टीकरण या निकालाशी नीट जुळत नाही. तसं असतं तर शेळीच्या लेंड्यांवर सर्वांत जास्त घासायला हवं होतं.

२००२ मध्ये क्रिस्टीन ड्रिया यांनी ठिपकेवाल्या तरसांवर केलेल्या कामातून दुसरी शक्यता पुढे आली. सडक्या मांसाचा वास लावून आलेल्या तरसाकडे कळपातले सोबती अधिक लक्ष देतात. कापराच्या वासाला तसा मान मिळत नाही. म्हणजे वास ही एक प्रकारची बातमी असते, कुठे काय सापडलं याची. तिसरी शक्यता २०१७ मधली. कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ डोंगरात मॅक्स ॲलन आणि सहकाऱ्यांना कॅमेऱ्यांत करडे कोल्हे दिसले. प्यूमाने जमीन उकरून खूण केलेल्या जागी ते येत आणि नेमके गाल घासत. मोठ्या शिकाऱ्याचा वास अंगावर असला तर कोल्ह्यांना मारणारे कायोटी लांब राहत असतील, असा संशोधकांचा तर्क आहे. तर्कच म्हणायचा, कारण वास लावलेला कोल्हा खरोखर जास्त जगतो का, हे त्या कॅमेऱ्यांतून कळत नाही.

तळोदा-शहाद्याच्या उसात बिबट्या वावरतो आणि गावातलं कुत्रं ही त्याची नेहमीची शिकार आहे. अशा गावच्या बांधावर एखादं कुत्रं झाडाच्या बुंध्याला गाल घासताना दिसलं, तर कॅलिफोर्नियाचा तो कोल्हा आठवणं साहजिक आहे. तरी एका प्राण्याचा तर्क दुसऱ्याला लावण्याआधी त्या कुत्र्याचे कान उलटून पाहावेत, असं माझं मत आहे.

मांजराच्या बाबतीत तोंड घासण्याचं कोडं बरंचसं सुटलं आहे. तिच्या गालांवरच्या ग्रंथींतून संकेत देणारी द्रव्यं सुटतात आणि घासून ती आपला परिसर ओळखीचा करते. कुत्र्याच्या ओठांभोवती आणि कानांतही ग्रंथी आहेत, पण त्यांच्या स्रावाने तो खुणा करतो याचा पुरावा मांजराइतका पक्का नाही. कुत्र्याची खूण प्रामुख्याने मूत्राची. मांजराचं स्पष्टीकरण कुत्र्यावर चिकटवण्याचा मोह पाळीव प्राण्यांच्या पुस्तकांना आवरत नाही.

जेवणानंतर तोंड पुसणं, आंघोळीनंतर मातीत घासणं, मालक घरी आल्यावर गालिच्यावर लोळणं, हे सगळं निरोगी कुत्रीही करतात. ते थोडा वेळ चालतं, ठरावीक प्रसंगी होतं आणि मागे लाली, केस गळणं किंवा जखम राहत नाही. याबद्दल दोन्ही परंपरांत वाद नाही.

कीटकांची बाजू

वाद सुरू होतो तो घासणं थांबत नाही तेव्हा. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात इथे पहिला संशय अंगावरच्या जिवांवर घ्यायला हवा, आणि त्यात मला तरी फारशी शंका वाटत नाही.

खरजेचा किडा, म्हणजे सार्कोप्टिस, कातडीत बोगदे करतो. कानांच्या कडा, कोपर आणि पोट या त्याच्या आवडत्या जागा. तिथून तो तोंडावर येतो. कानाची कड बोटांत धरून चोळली की मागचा पाय आपोआप हलू लागतो, शेरिंग्टनचाच प्रतिक्षेप. खरूज झालेल्या बहुतेक कुत्र्यांत ही खूण मिळते, आणि तिला ना यंत्र लागतं ना वीज. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर किडा अनेकदा सापडतच नाही, म्हणून या साध्या खुणेचं मोल मोठं. हाच किडा माणसालाही काही काळ खाज देतो. कुत्र्याबरोबर खेळणाऱ्या मुलांच्या हातांवर पुरळ आलं असेल, तर निदान निम्मं झालंच म्हणायचं.

डेमोडेक्स या दुसऱ्या किड्याचं वागणं वेगळं. पिल्लांच्या डोळ्यांभोवती आणि ओठांवर केस जाऊन टक्कल पडतं, पण सुरुवातीला खाज फारशी नसते. त्यावर जिवाणूंचा संसर्ग झाला की घासणं सुरू होतं. कानातल्या माइटमुळे कुत्रं डोकं झटकतं आणि कानाची बाजू जमिनीला घासतं. पावसाळ्याच्या दमट दिवसांत ओठांच्या आणि कानांच्या घड्यांत मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट माजतं. त्याचा आंबूस वास ओळखता येतो.

गोचिडीची गोष्ट घरांच्या बांधणीशी जोडलेली आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्यावर नसतेच. रक्त पिऊन ती खाली पडते आणि फटींमध्ये जाते. एक मादी काही हजार अंडी घालते. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, लाकडी खांबांच्या खाचा, गोठ्याचं छप्पर या तिच्या हक्काच्या जागा. कुत्र्याला कितीही धुतलं तरी आठवड्यात कानांत आणि डोळ्यांच्या कडांना पुन्हा गोचिडी का दिसतात, याचं उत्तर भिंतीत असतं. पिसवांचं तसंच : त्या कुत्र्यावर असतात तशा शेळ्यांवरही असू शकतात, आणि पाड्यावर दोघांचा मुक्काम एकाच पडवीत.

ॲलर्जीची बाजू

गेल्या पंधरा-वीस वर्षांत संशोधनाचा भर इथेच आहे, आणि पैसाही. ॲटॉपी म्हणजे घरातल्या धुळीतले माइट, परागकण, बुरशी यांच्याविरुद्ध शरीराची अतिरेकी प्रतिक्रिया. तोंड, कान, काखा, पोट आणि पुढचे पंजे हे तिचं ठरलेलं क्षेत्र. म्हणून 'तोंड घासतं' म्हटलं की शहरी पशुवैद्य आधी ॲलर्जीचा विचार करतो.

क्लॉड फाव्रो यांनी २०१० मध्ये त्यासाठी आठ निकष मांडले. तीन वर्षांच्या आत सुरुवात, मुख्यतः घरात राहणं, स्टेरॉइडने खाज कमी होणं, सुरुवातीला कातडीवर काही न दिसता खाज सुटणं, पुढचे पंजे आणि कानाच्या पाळ्या बाधित असणं, पण कानाच्या कडा आणि कंबरेचा वरचा भाग सुटलेला असणं. यातले पाच जुळले तर खऱ्या ॲटॉपीच्या शंभरांतली सुमारे ८५ कुत्री सापडतात. पण ज्यांना ती नाही अशा शंभरांतली वीसेकही जाळ्यात येतात. निकष चांगले आहेत. फक्त ते पाड्यावर आणून पाहा. वय माहीत नाही, कुत्रं घरात राहतच नाही, आणि स्टेरॉइडची सुई कोणी कधी टोचली याची नोंद नाही. आठांपैकी तीन निकष तिथल्या तिथे निरुपयोगी ठरतात. २०१५ मध्ये प्राण्यांच्या ॲलर्जीवरच्या आंतरराष्ट्रीय समितीने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही आधी परजीवी आणि संसर्ग वगळा, मग ॲलर्जी म्हणा, असा क्रम आहे. तो क्रम इथे सर्वांत जास्त लागू पडतो.

अन्नाच्या ॲलर्जीबाबत परिस्थिती आणखी गुंतागुंतीची. तिची खात्रीची रक्तचाचणी नाही. एकच भरवशाचा मार्ग म्हणजे पूर्वी न खाल्लेलं अन्न सलग आठ आठवडे देणं आणि मग जुनं अन्न पुन्हा देऊन खाज परतते का ते पाहणं. आठ आठवड्यांत दहांपैकी नऊ कुत्र्यांत निकाल लागतो. परदेशी नोंदींत सर्वाधिक दोष गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू यांच्याकडे जातो. इथलं कुत्रं ज्वारी-मक्याच्या भाकरीवर आणि डाळीच्या उरल्यासुरल्यावर वाढतं. नवापूरच्या बाजूला कोंबड्यांचा टाकाऊ भाग त्यात भर घालतो. त्याला आठ आठवडे एकच अन्न द्यायचं म्हणजे आधी त्याला बांधायचं आणि मग शेजारच्या तीन घरांना हात आवरायला सांगायचं. प्रयोग उत्तम, पण इथे तो पार पडण्याची आशा धरू नये.

या सगळ्यात मला सर्वांत रंजक वाटतो तो खेडं आणि शहर यांचा वाद. माणसाच्या बाबतीत १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी मांडलं की लहानपणी जंतूंशी कमी संबंध आला तर ॲलर्जी वाढते. २०१८ मध्ये फिनलंडच्या येन्नी लेहतिमाकी आणि सहकाऱ्यांनी तेच कुत्री आणि त्यांचे मालक यांच्याबाबत तपासलं. शहरी वातावरणात दोघांनाही ॲलर्जीची लक्षणं जास्त आढळली. त्यावरून सातपुड्यातलं कुत्रं ॲलर्जीपासून सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. पण फिनलंडच्या खेड्यात गोचीड, पिसवा, खरूज यांचा असा मारा नाही. इथे घासणारं कुत्रं ॲलर्जीचं नाही की तिच्यावर परजीवींचा पडदा पडलाय, हे परजीवी काढल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय गाजरगवत आहेच. पुण्यात १९५०च्या दशकात नोंदलं गेलेलं हे तण आता रस्त्यांच्या कडेला आणि पडीक शेतात सर्वत्र आहे. माणसाच्या कातडीला त्याचा होणारा त्रास सुपरिचित आहे, आणि कुत्र्याचं नाक तर त्याच उंचीवरून चालतं.

दुखणं, टोचणं आणि एक धोका

फक्त तोंडच घासतं, तेही एकाच बाजूने, बाकी अंग शांत, असं असेल तर विचाराची दिशा बदलते. अशा वेळी खाजेपेक्षा दुखण्याचा संशय अधिक. वरच्या जबड्यातल्या चौथ्या पूर्वदाढेच्या मुळाशी पू झाला तर डोळ्याखाली सूज येते आणि पाहणाऱ्याला तो डोळ्याचा आजार वाटतो. पावसाळा ओसरला की सातपुड्याच्या उतारांवर कुसळी गवत वाळतं. त्याची कुसळं एका दिशेने आत शिरत जातात आणि डोळ्यात, नाकात, कानात अडकतात. अचानक शिंका, एका नाकपुडीतून रक्त आणि तोंड घासणं हे तिन्ही एकदम आलं तर कुसळ आठवावं. भटक्या कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी गाठ नाकातही होते, तिची लक्षणं जवळपास तीच, फक्त सावकाश वाढणारी.

नंदुरबार शहराभोवती हिवाळ्यात लाल मिरची पथारीवर वाळत घातलेली असते, तेव्हा हवेतच ठसका असतो. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या मज्जातंतूंना पेटवतं त्यांचा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला. त्या कामाला २०२१ चं नोबेल मिळालं. हा ग्राहक सस्तन प्राण्यांत असतो, म्हणून नाकात तिखट धूळ गेलेलं कुत्रं तोंड पुसतं. पक्ष्यांचा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. नवापूरच्या कोंबड्या पथारीवर सोडल्या तर त्यांना काहीच वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र या यादीत इतरांसारखी धरून चालणार नाही. रेबीजच्या मूक प्रकारात जबडा लुळा पडतो, लाळ गळते, गिळता येत नाही आणि कुत्रं तोंडाशी पंजे मारतं. पाहणाऱ्याला घशात हाड अडकल्यासारखं वाटतं आणि माणूस ते काढायला तोंडात हात घालतो. पिसाळलेलं कुत्रं चावत सुटतं ही समजूत इथे जीवघेणी ठरू शकते. लस न घेतलेल्या, वागणं अचानक बदललेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. लाळ लागलीच तर जागा साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

उपायांवरचे मतभेद

गावात लूत लागलेल्या कुत्र्यावर गाडीचं जळकं ऑईल ओतण्याची पद्धत अजून आहे. तेलाने किडे गुदमरतात हे काही अंशी खरं. पण ते कातडी भाजतं आणि चाटल्यावर पोटात जातं. कॅनडातले ते लांडगे ऑईलवर आपण होऊन घासत होते, म्हणून ते औषध होत नाही. करंज, कडुनिंब, गंधक यांची बाजू जास्त विचारात घेण्याजोगी आहे. गंधक हा खरजेवरचा जुना, मान्य उपचार आहे. करंज आणि कडुनिंबाचं तेल कीटकांना दूर ठेवतं, पण पक्की खरूज त्याने जाईल असं गृहीत धरता येत नाही.

आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाने चित्र बदललं. ते शोधणारे ओमुरा आणि कॅम्पबेल २०१५ च्या नोबेलचे मानकरी. मात्र कोली वंशाच्या कुत्र्यांत एका जनुकीय दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि विषारी ठरतं. मात्रा अंदाजाने टोचण्याची सवय त्यामुळे धोक्याची. २०१३ नंतर आयसोक्साझोलिन गटाच्या चघळायच्या गोळ्या आल्या. गोचीड, पिसवा आणि खरूज तिन्हींवर त्यांचा असर आठवडे ते महिने टिकतो. म्हणूनच आता काही तज्ज्ञ म्हणतात की खरवडण्याच्या चाचण्यांमागे न लागता आधी ही गोळी द्या, खाज थांबली तर निदान झालंच. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने झटके येण्याचा इशारा दिला, तेव्हा सावध राहणारेही आहेत. ज्याला आधीपासून फेफरं येतं त्या कुत्र्याबाबत त्यांचं ऐकावं. एरवी दूरच्या पाड्यावर, जिथे सूक्ष्मदर्शक नाही, तिथे मला पहिला पक्ष पटतो. अडचण किमतीची आहे. आणि भिंतीतल्या गोचिडींची.

ॲलर्जीच्या खाजेसाठी २०१३ मध्ये आलेलं ओक्लासिटिनिब आणि त्यानंतरची, इंटरल्यूकिन-३१ या खाजेच्या संदेशवाहकाला पकडणारी लोकिव्हेटमॅबची सुई यांनी शहरी कुत्र्यांचं जगणं सुसह्य केलं. चुकीच्या हाती त्यांचा तोटा स्टेरॉइडसारखाच : खाज दबते आणि खरजेचा किडा आत काम करत राहतो.

अनिर्णित राहिलेलं

खाज बरी झाल्यावरही घासणं उरतं, ते सवयीने की सूक्ष्म दुखण्याने, यावर एकमत नाही. २०१९ मध्ये नॉटिंगहॅमच्या नाओमी हार्वे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जुनाट खाज असलेली कुत्री लवकर उत्तेजित होणारी, शिकवायला अवघड, लक्ष मागणारी असतात. म्हणजे मालक ज्याला 'लाड' म्हणतो त्यात कधी खाजही असू शकते. उलट दिशेने, निरोगी कुत्र्याचं वास घेऊन घासणं किती वेळा आजार समजून औषधाने दाबलं जातं, याचा हिशेब कोणत्याच दवाखान्याच्या कागदांतून निघत नाही.

जिल्ह्याच्या पशुसंवर्धनाची नजर स्वाभाविकपणे गाय, शेळी आणि कोंबडीवर असते. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला आणि २०२१ मध्ये तो तिथेच परतला, तेव्हा ते तसंच असणार. कुत्र्याची गाठ या यंत्रणेशी बहुधा रेबीजच्या लसीच्या वेळी पडते. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचं राष्ट्रीय उद्दिष्ट असल्याने ती पुढेही पडत राहील. कुत्रं तेव्हा धरलेलं असतंच. कानाची कड चोळून पाहायला, तोंड उघडून दाढ बघायला आणि घरात आणखी कोणाला खाज आहे का हे विचारायला दोन मिनिटं लागतात. महिना, गाव आणि शरीराचा भाग एवढं वहीत उतरलं, तर परजीवी की ॲलर्जी हा वाद फिनलंडच्या आकड्यांवर न लढता धडगावच्या आकड्यांवर लढता येईल.